कूलरमधल्या गांधीलमाश्या

शालिनीबाई खानझोड्यांनी नवऱ्याला घराबाहेर काढलं, अशी कुजबुज चंदीगडच्या त्या सरकारी क्वार्टरांत बरेच दिवस रंगली. समोरच्या भल्ला आंटींचा मुक्काम कायम गॅलरीत. बनियनवर दार बडवणारे विश्रामराव त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते.

अमरावतीहून बदलून आलेल्या विश्रामरावांनी आधीच्या बिऱ्हाडाने खिडकीत सोडलेला कूलर न उघडताच चालू केला. आत गांधीलमाश्यांचं पोळं होतं. वाऱ्याबरोबर त्या थेट खोलीत आल्या. अमरावतीला एकदा गांधीलमाशी चावून विश्रामरावांचा श्वास कोंडला होता; पुन्हा चावली तर वाचणं कठीण, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. शालिनीबाईंनी नवऱ्याला बाहेर ढकललं आणि आतून कडी घातली.

"शालू, दार उघड. लोक बघताहेत."

"बघू देत. गाडीत बसा, काचा वर करा."

दार उघडलं तर माश्या त्यांच्यामागे जातील. पदर तोंडावर ओढून त्या कूलरच्या बटणाकडे सरकल्या. मानेवर काहीतरी चालत होतं. कूलर बंद करून मागच्या दाराने निघाल्या, तेव्हा हात कोपरापर्यंत सुजला होता.

तर शालिनीबाईंनी नवऱ्याला बाहेर काढलं, हे खरं आहे. तो जगावा म्हणून काढलं.