लेक रडत का नाही

माझी लेक जन्मली तेव्हा रडली, पण अगदी बारीक, मांजराच्या पिलासारखी. नंतर भूक लागली तरी रडेना. जिंतूरच्या घरी सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकानं सांगायच्या, "लय गुणाचं लेकरू हाय, कसलाच तरास न्हाई." मला त्या शांततेचीच धास्ती वाटायची. छातीशी धरलं तरी ती ओढायची नाही. उचललं की हातपाय लोंबायचे. मी दूध पिळून बोंडल्यानं पाजायची आणि घोट उतरला का, म्हणून तिच्या गळ्याकडं बघत बसायची.

परभणीच्या डॉक्टरबाईंनी पोटाखाली तळहात देऊन तिला उचललं. मान, हात, पाय, सगळंच खाली लोंबलं. तिला परत माझ्या मांडीवर देत म्हणाल्या, "मिथिलेशनची, म्हणजे जनुकांवरच्या खुणांची, तपासणी करू. रक्त पुण्याला पाठवावं लागेल."

"एवढ्याशा जिवाचं रगत कशाला काढायलेत?" सासूबाई घरी म्हणाल्या. "तुझ्या दुधातच कस न्हाई, माय."

मलाही तसंच वाटायला लागलं. नवऱ्याचा फोन वाजला की रिपोर्टचाच असेल म्हणून मी हातातलं काम टाकून उठायची.

रिपोर्ट आला तेव्हा बाईंनी आम्हा दोघांना समोर बसवलं. "प्रत्येक जनुकाची एक प्रत आईकडून येते, एक वडिलांकडून. या एका जागी आईकडच्या प्रतीवर मिथाइलची खूण असते, त्यामुळं ती बंदच असते. सगळ्यांचंच तसं असतं. काम चालतं ते वडिलांकडच्या उघड्या प्रतीवर. हिच्यात ती उघडी प्रत दिसतच नाही, म्हणून अंगात जोर नाही, रडायलाही."

"म्हणजे माझ्यामुळं?" नवऱ्याचा आवाज चिरकला.

"कुणामुळंच नाही. गर्भ राहतानाच घडून गेलं."

मी दुधाचं विचारलं. बाईंनी मान हलवली. "दुधाचा संबंध नाही. आत्ता तिला भूक कळत नाही. पण काही वर्षांनी अशी भूक लागेल की पोट भरलंय हेच कळणार नाही. तेव्हा खाण्यावर फार लक्ष ठेवावं लागेल."

परतताना एसटीत मी तिला थेंब थेंब दूध पाजत होते. तिनं प्यावं म्हणून जीव तुटत होता, आणि त्याच भुकेची भीतीही वाटत होती.

आता ती चार वर्षांची आहे. उशिरा का होईना, चालायला लागली. खूप बोलते. परवा जेवून उठली आणि म्हणाली, "आई, भूक लागली."

या वयाची सगळीच लेकरं असं म्हणतात. मी काकडीची एक फोड दिली. ती खाऊन अंगणात गेली. मी मात्र ताटं तशीच ठेवून उंबऱ्यावर बसले, ती परत येते का ते बघत.