चार ओळींची संथ चाल

लग्नाला आठ महिने झाले आणि कंपनीने नवऱ्याला अमेरिकेला पाठवलं. तीन महिन्यांसाठी म्हणून गेला. हैदराबादेत तेव्हा हे बऱ्याच घरांत चाललं होतं. पुण्यामुंबईची कॉम्प्युटरवाली पोरं यायची, भाड्याचं घर घ्यायची आणि भांडीकुंडी लागेपर्यंत परदेशी निघायची. तीनाचे सहा महिने झाले. आई म्हणाली, "पुण्याला ये." जामबागेतल्या एका मराठी शाळेत मला नुकतीच अर्धवेळ नोकरी लागली होती, ते कारण मी पुढे केलं. खरं म्हणजे, "कधी येणार तो?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि तो प्रश्न पुण्याच्या गल्लीत रोज कुणीतरी विचारला असता.

आम्ही नल्लकुंट्यात तळमजल्यावर राहत होतो. वर घरमालक राहायचे. मिशनच्या शाळेतून निवृत्त झालेले संगीत शिक्षक, तेलुगू ख्रिस्ती. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी लग्न होऊन काझीपेटला. अर्धांगाचा झटका येऊन गेल्यावर त्यांचं चालणं-बोलणं परत आलं होतं, पण उजव्या हाताची बोटं काही आली नाहीत. मी त्यांना सर म्हणायचे, ते मला अम्मा.

शाळा दुपारी सुटायची. घरी येऊन मी एकटीपुरता भात लावायचे आणि मग दिवस नुसता पडून राहायचा. एकदा कोटीच्या बस-स्टॉपवर बासरीवाला दिसला. का कोण जाणे, बासरी घेतली. पुढचे आठ दिवस तिच्यातून नुसता वारा निघाला.

नवव्या दिवशी सर एक-एक पायरी करत खाली आले.

"अम्मा, ये नक्को," ते म्हणाले. "इसमें आवाज आने कूच दो महीने लगते." आणि त्यांनी पिशवीतून पिवळट पांढऱ्या प्लॅस्टिकची एक नळी काढली. "रेकॉर्डर."

मला टेपरेकॉर्डर ठाऊक होता. हे तर पिपाणीसारखं दिसत होतं. तोंडाशी शिट्टी, वर सात भोकं, खाली अंगठ्याचं एक. फुंकलं की लगेच सूर. मला इतका आनंद झाला की मी जोरात फुंकलं आणि ते किंचाळलं.

"फूँको नक्को. आईने पे भाप छोड़ते ना, वैसा."

दुसरा रेकॉर्डर त्यांनी स्वतः डाव्या हातात धरला. डाव्या हाताच्या बोटांनी वरचे सूर निघायचे. चाल खाली उतरली की ते नळी तोंडातून काढायचे आणि पुढचा तुकडा गुणगुणायचे. "नीचे के सुर मेरे पास नै रहे," एवढंच एकदा म्हणाले.

चाल त्यांच्या चर्चमधल्या एका प्रार्थनेची होती. चार ओळी, अतिशय संथ. पूर्वी त्यांच्या शाळेतली मुलं रेकॉर्डरवर ती चर्चमध्ये वाजवायची. मग चर्चने कीबोर्ड घेतला, मुलांची गरज उरली नाही.

संथ म्हणजे सोपं, अशी माझी समजूत होती. पहिल्याच ओळीत दम संपायचा. श्वास घाईने घेतला की पुढचा सूर थरथरायचा. सर्वांत खालच्या सुराला सगळी भोकं झाकावी लागायची आणि माझी करंगळी पोचायची नाही. सर संध्याकाळी पाचला यायचे, अर्धा तास बसायचे, चहा घेऊन वर जायचे. ते गेल्यावर मी तीच ओळ परत वाजवत बसायचे. दिवसभरात मी मोठ्या माणसाशी बोललेला तेवढाच अर्धा तास असायचा.

नवऱ्याचा फोन रविवारी सकाळी सरांच्या घरी यायचा. शिकायला लागल्यापासून चौथ्या महिन्यात चाल पुरी बसली तेव्हा मी रेकॉर्डर घेऊन वर गेले. म्हटलं, "ऐक हं," आणि पहिल्या दोन ओळी वाजवल्या.

मग तो म्हणाला, "चर्चमध्ये जायला लागलीस की काय?"

"नाही रे. शिकले. कशी वाटली?"

"चांगली आहे. माझ्या आईला नको सांगूस." मग तो कॉन्ट्रॅक्ट वाढल्याचं सांगू लागला.

फोन ठेवला तेव्हा सर खिडकीशी उभे होते. मराठी त्यांना येत नव्हतं, पण माझ्याकडे न बघता म्हणाले, "दूसरी लाइन में साँस जल्दी लिए तुम."

पावसाळा सरता सरता एका सकाळी ते अवेळी खाली आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेला. त्यांच्या शाळेत तीस वर्षं शिवण शिकवणाऱ्या बाई गेल्या होत्या.

"वो बोले थे, मेरे दफन के वक्त कीबोर्ड नक्को, तुम बजाना. मैं जबान दिया था, अम्मा." त्यांनी उजवा हात थोडा उचलला, खाली सोडला.

त्यांच्याऐवजी मी वाजवायचं होतं. मनाला थोडं लागलं. विचारलं, "इसीलिए सिखाए क्या मुझे?"

"पहले नै," ते म्हणाले. "बाद में, हाँ."

खोटं बोलले असते तर मी गेले नसते.

दफनभूमीत पंचवीस-तीस माणसं असतील. मी एकालाही ओळखत नव्हते. पाद्र्यांचं वाचन झालं, सरांनी माझ्याकडे बघून मान हलवली. पहिली ओळ नीट गेली. दुसरीत श्वास वेळेवर घेतला. तिसरीत मात्र त्या शवपेटीकडे नजर गेली आणि सूर तुटला. रेकॉर्डर ओठांवर होता, फुंकच निघेना.

तेवढ्यात मागून कुणीतरी बाई तेलुगूत गाऊ लागली, जिथे मी थांबले होते बरोबर तिथून. मग दुसरी, मग सगळेच. या चालीचे शब्द मी कधी विचारलेच नव्हते. त्यातला एकही मला कळत नव्हता. चौथ्या ओळीला मी त्यांच्या आवाजाखाली परत शिरले. करंगळी पोचली. शेवटचा खालचा सूर त्यांचं गाणं संपल्यावरही क्षणभर राहिला.

मग लोक पांगले. एका म्हातारीने माझा हात धरून तेलुगूत बरंच काही सांगितलं, मी नुसती मान हलवली. सर आपल्या जुन्या सोबत्यांत उभे होते, सगळे हळू आवाजात त्या बाईंबद्दल बोलत असावेत. मी चप्पल शोधली आणि एकटीच बसने घरी आले.

डिसेंबरात नवरा आला. नवं ऑफिस कुकटपल्लीला, म्हणून आम्ही तिकडे फ्लॅट घेतला. निघताना मी रेकॉर्डर परत द्यायला वर गेले. ठेव तुला, असं ते म्हणतील असं वाटलं होतं. त्यांनी तो पुसला आणि पिशवीत ठेवला. "कोई और आया तो लगेगा," म्हणाले.

वर्षभराने त्या बाजूला गेले तेव्हा घराच्या जागी अपार्टमेंटचे खांब उभे होते. समोरचा दुकानदार म्हणाला, मास्तर काझीपेटला मुलीकडे गेले. पत्ता त्याच्याकडे नव्हता. घरी आल्यावर नवऱ्याने विचारलं, "कुठे गेली होतीस?" मी सांगितलं. तो म्हणाला, "अरे हो, ते घरमालक," आणि जेवायला बसला.