ताईची निळी वही

सात वर्षांत माझ्या ताईच्या हातून कापड वाया गेलं नाही. आमच्या शर्टांच्या कारखान्यात ती कटिंग मास्तर होती. मी तिथेच शिलाई मशीनवर बसते, बाह्या जोडते. कापडाचे साठ थर एकावर एक, वर बाह्या-कॉलरच्या मापाचे पुठ्ठ्याचे फर्मे, खडूच्या रेघा आणि त्या रेघांवरून फिरणारा ताईचा हात. शिवण चुकली तर उसवता येते. चुकीचं कापलेलं कापड कोण जोडून देणार?

पाळीच्या आधीचे सहा-सात दिवस ताईला दर महिन्याला वाईट जायचे. छाती दुखायची, अंग सुजायचं, झोप उडायची. हातातून चमचा पडला तरी रडायची, नाहीतर आमच्या अंगावर धावून यायची. पाळी सुरू झाली की एक-दोन दिवसांत पुन्हा सुतासारखी सरळ. आई म्हणायची, "तिरसटच आहे ती, बापावर गेलीय." मीही हसायचे. ताई मात्र स्वतःलाच घाबरायला लागली होती. एकदा त्याच दिवसांत तिच्या हातातलं कापायचं मशीन रेघ सोडून सरकलं, ऐन वेळी थांबवलं म्हणून निभावलं. दुसऱ्या दिवशी ती दवाखान्यात गेली.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तीन महिने रोज लिहून ठेवा. काय होतं आणि कधी होतं." ताईने निळ्या पुठ्ठ्याची वही केली. तीन महिन्यांनी बाईंनी ती चाळली आणि म्हणाल्या, "हा तुमचा स्वभाव नाही. बऱ्याच बायकांना होतं हे, कमी-जास्त. सांभाळता येतं. नाहीच जमलं तर औषध देईन." ताई त्या दिवशी घरी येऊन खूप रडली, आणि ते रडणं त्या दिवसांतलं नव्हतं.

मग तिने चहा सहा कपांवरून दोनवर आणला, मीठ कमी केलं, संध्याकाळी चालायला लागली, वेळेवर झोपायला लागली. त्रास निम्म्यावर आला. आणि कारखान्यात तिने गुपचूप एक गोष्ट केली. वहीत बघून त्या दिवसांतलं कटिंग आधीच उरकून ठेवायचं. त्या दिवसांत नुसते थर पसरायचे, फर्मे मांडायचे, खुणा करायच्या. दीड वर्ष असं चाललं. काम एक दिवस अडलं नाही, की माझ्याशिवाय कुणाला कळलंही नाही.

कळवलं मी. माझ्या जिभेला हाड नाही. मालक एकदा सहज म्हणाले, "तुझ्या बहिणीचा हात कसा चुकत नाही गं?" माझी छाती फुगली. "नुसता हात नाही मालक, डोकं आहे!" म्हणत मी वहीपासून सगळं सांगून टाकलं. वाटलं, शाबासकी मिळेल तिला.

मालकांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हणजे महिन्यातले सात दिवस तिचा भरवसा नाही."

आठवड्याभरात मालकांचा मेव्हणा कटिंग मास्तर झाला आणि ताई शर्टांच्या घड्या घालायच्या टेबलावर गेली. "तुझ्याच भल्यासाठी," मालक म्हणाले. "त्रास होतो ना तुला?"

"त्रास मला होतो. कापडाला कधी झाला?" ताईचा आवाज चढला.

मालक आमच्याकडे बघून हसले. "बघा, आले वाटतं ते दिवस."

आले नव्हते. पाळी संपून पाच दिवस झाले होते, वहीत लिहिलेलं होतं. पण आता वही कोण बघणार? ताईने तोंड मिटलं ते मिटलंच.

मेव्हण्याच्या नाकावर राग, आणि तो बाराही महिने. एका सकाळी बायकोशी फोनवर कडाडून भांडला आणि त्याच तावात कापायला बसला. मी बाह्या जोडायला घेतल्या. डावी, डावी, पुन्हा डावी. त्याने दोन्ही वेळा डाव्या बाहीचाच फर्मा मांडला होता, साठच्या साठ शर्टांना एकही उजवी बाही नव्हती. मालक आले, ढीग पाहिला, मेव्हण्याच्या खांद्यावर हात ठेवला. "होतं माणसाच्या हातून." त्याला कुणी तारीख विचारली नाही. पलीकडे ताई घड्या घालत होती. तिने मान वर केली नाही.

मलाही ती कधी काही बोलली नाही. दोन थोबाडीत मारल्या असत्या तर बरं झालं असतं.

परवा माझ्या शेजारच्या मशीनवरची पोरगी विनाकारण रडायला लागली. दर महिन्याला असंच होतं म्हणाली. मी तिला जेवणाच्या सुट्टीत ताईकडे नेलं. ताईने डबा बाजूला सारून तिला सगळं नीट समजावलं. वही, चहा, मीठ, चालणं, झोप, डॉक्टरीणबाईंचा पत्ता. पोरीने डोळे पुसले. "आणि ताई, हे सांगायचं कुणाला?"

"कुणालाच नाही."

"घरी तरी? मला सख्खी बहीण आहे."

ताईने डब्याचं झाकण लावलं. "तिला तर नाहीच," ती म्हणाली, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिने सरळ माझ्याकडे पाहिलं.