टेबलावरचा उघडा चाकू

ऑनोरे कायलाने चौतीस वर्षं फ्रान्समधल्या ओब्राकच्या पठारावर टपाल वाटलं आणि एवढ्या काळात त्याच्या हातून एकही पत्र चुकीच्या दारात पडलं नाही. हे तो स्वतःच सांगायचा, आणि जरा जास्तच वेळा सांगायचा. आयुष्यात त्याच्या हातून मोठी म्हणावी अशी चूक एकच झाली. ती व्हायला दोन क्षणही लागले नाहीत, आणि केली ती निव्वळ मायेपोटी. रागाच्या भरात केलेलं निस्तरता तरी येतं. मायेपोटी केलेलं निस्तरताना माणसाचा जीव जातो.

चाकूंचा नाद त्याला टपालामुळेच लागला. तेव्हा तो पंचविशीत होता. पठाराच्या पार टोकाला, जिथे बर्फ पडला की सायकल खांद्यावर घेऊन जावं लागे, तिथल्या एका म्हातारीने त्याच्याकडून मुलाचं पत्र वाचून घेतलं आणि मग फळीवरून नवऱ्याचा खिशातला चाकू काढून त्याच्यापुढे ठेवला.

"घेऊन जा बाबा. पोरं पॅरिसात कॅफे चालवतात, त्यांना याचं काय कौतुक? मी गेले की भंगारात टाकतील मेले."

घासून घासून पातं निम्मं उरलेलं. गाईच्या शिंगाची मूठ अंगठ्याच्या जागी झिजून खळगा पडलेला. ऑनोरेने त्या खळग्यात आपला अंगठा ठेवला. ज्याला तो दर महिन्याला पेन्शनचे पैसे द्यायचा, त्या मेलेल्या माणसाने हात हातात घेतल्यासारखं त्याला वाटलं. घरी आल्यावर त्याने एका चिठ्ठीवर लिहिलं: हा कोणाचा, कुठल्या वस्तीवरचा, आणि याने शेवटचं काय कापलं. (सफरचंद.) चिठ्ठी चाकूला दोऱ्याने बांधली. नोकरी संपली तेव्हा कपाटाच्या खणांत असे त्रेसष्ट चाकू होते आणि त्रेसष्ट मेलेली माणसं.

क्लोविस व्हेसादचं सगळं याच्या उलट. तो सात वर्षांनी मोठा. चाळीस उन्हाळे डोंगरावरच्या दगडी खोपटात गाई राखून चीज केलेला, आडव्या हाडाचा, कमी बोलणारा. त्यालाही जुने मिटणारे चाकू जमवायचा नाद, पण त्याला लागायचे ते कोरे. साठ-सत्तर वर्षांपूर्वी घडवलेले आणि कोणी कधी न वापरलेले. मुठीवर बारीक खिळ्यांनी ठोकलेला क्रूस जसाच्या तसा, पाठीच्या पट्टीवरची नक्षीची माशी कालच कोरल्यासारखी.

"तुझे चाकू म्हणजे कधी नांदायलाच न गेलेल्या नवऱ्या," ऑनोरे म्हणायचा.

"आणि तुझे म्हणजे मेलेल्यांच्या कवळ्या," क्लोविस म्हणायचा. "झोप तरी कशी लागते रे तुला त्या घरात?"

यावरून तीस वर्षं दोघे भांडले आणि एकमेकांवाचून त्यांना एक आठवडा करमलं नाही. पठारावर असं प्रेम पुष्कळ असतं. ते फक्त बोलून दाखवायची रीत नाही.

महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रार्थना आटोपली की रोझालीच्या कॅफेच्या मागच्या खोलीत चौघे जेवायला बसत. रोझाली स्वतः, खाटीक एली, ऑनोरे आणि क्लोविस. नवं काही मिळालं असेल तर ते फडक्यात बांधून आणायचं, टेबलावर ठेवायचं आणि सगळ्यांनी हाताळायचं. पण जेवायचा चाकू वेगळा. तो ज्याचा त्याने आपल्या खिशातून काढायचा, त्यानेच पाव, त्यानेच सॉसेज, त्यानेच चीज, आणि पावाच्या कडेने पुसून परत खिशात घालायचा. दुसऱ्याच्या जेवायच्या चाकूला हात लावणं म्हणजे दुसऱ्याच्या तोंडात बोट घालणं. हे कोणी कोणाला शिकवत नाही.

आणखी एक होतं. जेवण कधी संपलं ते सर्वांत वडील माणूस ठरवत असे. त्याने आपला चाकू मिटला की संपलं. बाकीचे चाकू मिटायचे आणि सगळे उठायचे. तो मिटेपर्यंत कोणी खुर्ची हलवायची नाही. या टेबलाशी वडील क्लोविस. तो चौदाव्या वर्षापासून खिशात असलेला, पातं काळं पडलेला चाकू अंगठ्याने इतका सावकाश मिटायचा की आवाज म्हणून यायचा नाही. खट् करून पातं आपटणाऱ्याला त्याच्या लेखी अक्कल नव्हती.

एका फेब्रुवारीत क्लोविसच्या मेंदूत रक्ताची गुठळी झाली आणि उजवा हात गेला. पायही जेमतेमच उचलला जाई. रोदेझ शहरातून त्याची मुलगी सोलांज येऊन राहिली. एप्रिलच्या पहिल्या रविवारी तो काठी टेकत कॅफेत आला तेव्हा रोझालीने चीज घालून बटाटा इतका घोटला होता की तारा छताला लागाव्यात. क्लोविसने डाव्या हाताने चाकू काढला, पातं दातात धरून उघडलं आणि कोणाकडे न बघता जेवला. सगळ्यांच्या जिवात जीव आला.

मग जेवण संपलं आणि चाकू मिटायची वेळ आली.

त्याने पात्याची पाठ टेबलाच्या कडेला लावून दाबली. ती सटकली. पुन्हा लावली, चाकू खाली पडला. वाकून उचलायला त्याला बराच वेळ लागला, आणि वर आला तेव्हा चेहरा लालबुंद झालेला. रोझाली खिडकीबाहेर बघत राहिली. एली रिकाम्या पेल्यातली वाईन पीत राहिला. क्लोविसने तिसऱ्यांदा प्रयत्न केला. ऑनोरेला ते बघवेना. त्याने हात पुढे केला, क्लोविसच्या बोटांखालून चाकू घेतला, मिटला आणि त्याच्यापुढे ठेवला.

आणि पातं बसल्याचा आवाज येताच एली आणि रोझाली उठून उभे राहिले. त्यांच्या मनात काही नव्हतं. तीस वर्षांची पायांना सवय.

क्लोविस एकटा बसून होता. "माझं जेवण व्हायचं होतं," तो म्हणाला.

"अरे, तुला त्रास होत होता म्हणून मी..."

"माझा बाप टेबलाशी बसल्या बसल्या गेला. त्याचा चाकू उघडाच राहिला. आई म्हणाली, राहू दे, आपण कोण मिटणारे? मेलेल्याचा नाही मिटला आम्ही, ऑनोरे. आणि तू माझा मी जिवंत असताना मिटलास."

ऑनोरेला तोंडात मारल्यासारखं झालं. क्लोविस काठी घेऊन निघून गेला आणि त्यानंतर टेबलाशी आला नाही. मे गेला, जून गेला. ऑनोरे घरी जाई, तर सोलांज दारातच सांगे, "झोपलेत ते, काका," आणि आत खोकल्याचा आवाज येई. शेवटी ऑनोरेने पत्र लिहिलं. चौतीस वर्षं दुसऱ्यांची पत्रं वाहणाऱ्या त्या माणसाने पेटीत टाकलेलं स्वतःचं पत्र न फोडता परत आलं.

सप्टेंबरअखेर सोलांज त्याला बाजारात भेटली. घर बंद करणार होती. रविवारी दुपारनंतर बाबांना रोदेझच्या वृद्धाश्रमात न्यायचं, तिची नोकरी किती दिवस थांबणार? तिचं चूक नव्हतं, आणि ते ऑनोरेला कळत होतं.

"चाकू?" त्याने विचारलं.

"तिथे चालत नाहीत, काका. मांस कापूनच वाढतात."

"मग या रविवारी शेवटचं जेवायला आण ना त्याला."

"मी का सांगितलं नसेल? ते म्हणतात, ज्याला चाकू मिटता येत नाही त्याने टेबलाशी बसू नये."

म्हणजे चार दिवस होते. ऑनोरेने घरी जाऊन मफलरने स्वतःचा उजवा हात कमरेच्या पट्ट्याला बांधला आणि डाव्या हाताने चाकू मिटायला बसला. टेबलाच्या कडेवरून पातं सटकतं, हे पाहिलेलंच होतं. भिंतीला लावला, तर चुन्यावर ओरखडे उठले. दाराच्या चौकटीला लावला, तर पातं एकदम बसलं आणि बोटातून रक्ताची धार लागली. चिंधी गुंडाळून पुन्हा बसला. बुटाची टाच झाली, खुर्चीची पाठ झाली. दुसऱ्या दिवशी दुपारी, भूक लागली म्हणून समोर ठेवलेल्या पावावर त्याने सहज पात्याची पाठ टेकवली. गावठी पावाची जाड, खरखरीत पाठ. तिच्यावरून पातं सटकलं नाही. मूठ दोन्ही अंगांनी चिमटीत धरायची, बोटं पातं बसायच्या फटीपासून दूर, आणि मनगट सावकाश वळवायचं. पातं हळूहळू आत गेलं. आवाज म्हणून आला नाही. ऑनोरे त्या पावाकडे बघत बसला आणि म्हाताऱ्या माणसाने रडावं तसा, नाक पुसत, रडला.

पण कळलं म्हणून सांगता थोडंच येतं? क्लोविसला शिकवायला जाणं म्हणजे जखमेवर मीठ. शुक्रवारी तो एक अख्खा पाव काखेत मारून त्याच्याकडे गेला आणि सोलांज काही म्हणायच्या आत सरळ स्वयंपाकघरात जाऊन बसला. क्लोविस चुलीपाशी होता. त्याने मान वळवली नाही.

ऑनोरेने माफी मागितली नाही. उजवा हात खिशात घातला. डाव्या हाताने स्वतःचा चाकू काढला, दातांनी उघडला. पाव कोपराने दाबून धरून एक वेडावाकडा तुकडा कापला आणि चीजबरोबर सावकाश खाल्ला. मग पात्याची पाठ पावाच्या पाठीवर टेकवली, मनगट वळवलं आणि चाकू मिटला. खिशात टाकला. पाव तिथेच ठेवून उठला.

तो दारात पोचला तेव्हा मागून आवाज आला. सहा महिन्यांतला पहिला.

"बोटाला काय झालं?"

"काही नाही. पाव कापताना लागलं."

"डाव्या हाताचं बोट डाव्या हाताने कापलंस?"

"हो."

"गाढव आहेस," क्लोविस म्हणाला.

रविवारी तो आला. दाढी केलेली, लग्नकार्याचा काळा कोट घातलेला. कोणी काही विचारलं नाही. रोझालीने मुद्दाम कापायला लागेल असंच सगळं केलं होतं: वाळवलेलं सॉसेज, भाजलेलं मांस, जुनं चीज. क्लोविसने पहिल्यांदा पाव पुढे ओढून त्याच्या पाठीवर चाकूच्या टोकाने क्रूस काढला, ते काम वडील माणसाचंच, आणि जेवायला सुरुवात केली.

दोन वाजले. तीन वाजले. ताटं रिकामी झाली, कॉफी झाली. सोलांज गाडीची किल्ली घेऊन येऊन भिंतीपाशी उभी राहिली. क्लोविसचा चाकू उघडाच होता. मध्येच तो चीजची नखाएवढी कपची कापे आणि चघळत बसे. सगळ्यांना कळत होतं. तो चाकू मिटला की जेवण संपणार होतं, आणि जेवणाबरोबर घर, गाव, डोंगर, सगळंच.

"बाबा," सोलांज हळूच म्हणाली.

"अजून भूक आहे," तो म्हणाला. कोणी खुर्ची हलवली नाही. एलीने ताटातले चुरे बोटाने गोळा केले. चार वाजले.

मग क्लोविसने पाव जवळ ओढला. पात्याची पाठ त्यावर टेकवली, मनगट वळवलं. चाकू मिटला. रोझाली अर्धी उठलीसुद्धा.

"बस," तो म्हणाला. त्याने चाकू तोंडाशी नेला, दातांनी परत उघडला आणि तसाच उघडा, मूठ पुढे करून, टेबलावरून ऑनोरेकडे सरकवला.

"आता तू मिट."

"अरे, पण तुला येतं की आता."

"येतं म्हणून तर सांगतोय. तेव्हा घाई केलीस. आता वेळ झालीय."

ऑनोरेने चाकू उचलला. मुठीवर अंगठ्याच्या जागी खळगा होता. साठ-सत्तर वर्षांत पडलेला. त्याने त्यात आपला अंगठा ठेवला आणि दुसऱ्या हाताने पातं इतकं सावकाश आत नेलं की आवाज म्हणून आला नाही. यावेळी कोणी उठलं नाही. सगळे क्लोविसकडे बघत होते. तो डावा हात टेबलावर रोवून आधी उठला, आणि मग बाकीचे उठले.

ऑनोरे चाकू परत करू लागला तेव्हा क्लोविसने नकारार्थी मान हलवली.

"ठेव तुझ्याकडे. तिथे नुसता गंजेल. आणि ऐक, त्या कपाटात कोंबू नकोस. चिठ्ठी तर मुळीच बांधू नकोस. मी मेलेलो नाही अजून."

दोन वर्षांनी, मार्चमध्ये, क्लोविस रोदेझला वारला. ऑनोरे आता टेबलाशी सर्वांत वडील आहे आणि जेवतो त्याच चाकूने. चिठ्ठी त्याने अजून बांधलेली नाही.