मापट्याचा वास

हिरालालभाऊ मेश्राम शहापूरचे. भंडाऱ्याजवळच्या एका फार्मसी कॉलेजात उंदीरघर सांभाळायचे. बावीस वर्षं, कंत्राटावर. दर जूनला नवं पत्र मिळायचं. मी तिथेच ग्रंथालयात.

यंदा पत्राऐवजी मेमो आला.

ज्या प्रयोगावरून मेमो आला, तो साधा होता. पेटीत सारख्या दोन वस्तू ठेवायच्या, उंदराला हुंगू द्यायच्या. दुसऱ्या दिवशी त्यातली एक बदलायची. ज्याला जुनी आठवते, तो नवीपाशी जास्त रेंगाळतो. औषध दिलेले उंदीर जास्त लक्षात ठेवतात, असं प्रयोग करणाऱ्या घनश्याम सरांना दाखवायचं होतं. प्रत्येक फेरीनंतर वस्तू स्पिरिटने पुसायच्या, वास उरू नये म्हणून. ते काम भाऊंचं.

नवी वस्तू सरांनी घरून आणली. तांदूळ मोजायचं रंगीत लाकडी मापटं. याला तांदळाचा वास आहे, असं भाऊंनी तेव्हाच सांगितलं. सर म्हणाले, मला तर येत नाही. आणि स्पिरिट लावू नको, रंग उडेल.

त्यांना कसा येणार? आमच्याकडे सगळी घरंच तांदळाच्या वासाची.

उंदरांना आला. औषध घेतलेले, न घेतलेले, सगळे मापट्याकडे धावले. फरकच दिसेना. चार महिने वाया गेले. प्रयोग संपल्यावर साठ उंदीर मारले. मेमोत लिहिलं होतं, वस्तू नीट न पुसल्यामुळे प्रयोग फसला. कंत्राट का रद्द करू नये?

उत्तर लिहून घ्यायला भाऊ माझ्याकडे आले. मी रागाने तीन पानं लिहिली. त्यांनी सगळी वाचली.

"हा तुया राग झाला, बाबू. मले उत्तर पायजे."

शेवटी तीन ओळी राहिल्या. मापटं सरांच्या घरचं. पुसू नको, हे सरांनी सांगितलं. वासाचं मी आधीच बोललो होतो.

प्राचार्यांच्या टेबलावर भाऊंनी कागद ठेवला. शेजारी मापटं.

"वास घेऊन पाहा, सर."

प्राचार्यांनी ते नाकाशी धरलं. मग समोर बसलेल्या घनश्याम सरांकडे पाहिलं.

"काहीच येत नाही," प्राचार्य म्हणाले.

"तुमाले नाही येणार," भाऊ म्हणाले. "उंदराले विचारा."

सर हसले. प्राचार्यही हसले. उंदराला कोणी विचारलं नाही.

जून संपला. पत्र आलं नाही. उंदीरघरात आता दुसरा माणूस आहे. मापटं सरांनी घरी नेलं. त्यात तांदूळ मोजत असतील.

ती तीन पानं मी फाडलेली नाहीत.