सावकाशताईंची बिननावाची सायकल

डेपोत त्यांना सगळे सावकाशताई म्हणत. बस थांबली, दार उघडलं की उतरणाऱ्या प्रत्येकाला त्या आरशातून बघून म्हणायच्या, "सावकाश हं." मग तो काठी टेकत उतरणारा म्हातारा असो, नाहीतर फोनवर बोलत उडी मारणारा कुणी साहेब असो. इतकी वर्षं बस चालवली, पण ब्रेक लागला आणि उभा माणूस दुसऱ्याच्या अंगावर कोसळला, असं त्यांच्या गाडीत कधी झालं नाही. त्यांचं खरं नाव हजेरीपटावर होतं, आणि ते तिथेच राहिलं.

त्यांच्या वाट्याला आलेला मार्ग टेकडीचा होता. खाली बाजारापासून निघायचं आणि वळणावळणाने वर पाण्याच्या टाकीपर्यंत जायचं. त्या चढावर सकाळच्या फेरीला सायकलवाले दिसायचे. उंच सीटवरून ताईंना त्यांच्या पाठी दिसत. घामाने चिकटलेले सदरे, पुढे झुकलेल्या माना. बस त्यांच्यामागे गुरगुरत राही. ताईंना त्यांचा हेवा वाटे. आपण हा चढ रोज चढतो म्हणतो, पण चढतं ते इंजिन. आपण नुसत्या बसलेल्या.

पन्नाशी उलटली आणि त्या बसण्यानेच गुडघे आखडले. डॉक्टर म्हणाले, सायकल चालवा. ताईंना तेवढं निमित्त पुरलं. जुन्या बाजारातून एक लोखंडी सायकल घरी आली. सायकल कसली, धूड होतं ते! सपाटीला बरी चालायची. चढ लागला की पहिल्या वळणावरच ताई खाली आणि सायकल हातात.

मग त्या एका चकचकीत दुकानात गेल्या. विक्रेत्याने त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. ताईंची उंची बेताचीच. बसची सीट शेवटच्या खाचेपर्यंत पुढे ओढल्याशिवाय त्यांचे पाय क्लचला पोहोचत नसत. विक्रेता आदबीने म्हणाला, "काकू, तुमच्या मापाचं मुलांच्या विभागात मिळेल." तिथे घंटीला फुगे लावलेल्या सायकली होत्या. ताई हसल्या, आभार मानून बाहेर आल्या आणि कोपऱ्यावर येईपर्यंत त्यांचे कान तापलेले होते.

दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात त्या रिकाम्या बसमध्ये बसून फोनवर वाचायला लागल्या. हळूहळू एकेक कळत गेलं. हलकी सायकल म्हणजे कार्बनची. मोठमोठी नावं मिरवणाऱ्या कित्येक सायकलींच्या फ्रेम चीनमधल्या कारखान्यांतच बनतात. आणि काही कारखाने नाव न लावलेली, काळीभोर फ्रेम, म्हणजे सायकलचा नुसता सांगाडा, थेट गिऱ्हाइकालाही विकतात. अशाच एका कारखान्याच्या तक्त्यात ताईंना स्वतःचं माप सापडलं. मुलांचं नव्हे, मोठ्या माणसाचं, फक्त लहान.

घरी ही बातमी फुटली तेव्हा जवळच राहणारी नणंद आलेली होती.

"वहिनी, ना नाव ना गाव, अशी वस्तू कुणी घेतं का? उतारावर मोडली म्हणजे?"

"म्हणून तर नीट विचारून घेतेय," ताई म्हणाल्या.

ताईंचे यजमान शिंपी. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं दुकान. गळ्यात टेप, कानावर खडू. ते मशीनवरून मान न उचलता म्हणाले, "हौसेला मोल नसतं. पण डोकं असावं." एवढं बोलून त्यांनी पायाखालची पट्टी दाबली. मशीन खडखडायला लागलं, म्हणजे विषय संपला.

विषय संपला नव्हता. कारखान्यात गिऱ्हाइकांशी बोलणारी एक बाई होती. ती तिच्या भाषेत लिहायची, यंत्र त्याचं मराठी करून ताईंना दाखवायचं. तिचा प्रत्येक निरोप 'प्रिय मैत्रीण' असा सुरू होई, म्हणून घरात तिचं नावच प्रियमैत्रीण पडलं. यंत्राचं मराठी मात्र अगाध. पहिलाच निरोप आला, "प्रिय मैत्रीण, आमच्या खिडकीत रस दाखवल्याबद्दल धन्यवाद." फ्रेमची झाली चौकट, आणि चौकट म्हटल्यावर त्याला खिडकीच सुचली. मग पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कचा रंग चकचकीत हवा की साधा, ही विचारणा अशी आली, "तुमचा काटा तेजस्वी हवा की निस्तेज?" आणि पैसे भरल्यावर काही आठवड्यांनी एका दुपारी यजमानांनी सहज फोनमध्ये डोकावलं, तर तिथे लिहिलेलं, "प्रिय मैत्रीण, तुमचा काटा आज काढला आहे. काळजी नसावी."

"अगं," ते घाबरून म्हणाले, "कुणाचा काटा काढायला सांगितलास?"

त्या दिवशी दोघंही डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली.

खोकं आलं. फ्रेम बाहेर काढली तेव्हा नणंदसुद्धा हात लावून बघायला पुढे झाली. एका बोटावर तोलावी इतकी हलकी, आणि काजळासारखी काळी. पण ताई हुरळल्या नाहीत. सकाळी बस बाहेर काढण्याआधी चारही बाजूंनी फिरून, टायर ठोकून बघायची त्यांची सवय होती. त्यांनी एक नाणं घेतलं आणि नळीवर बोटभर अंतराने टकटक करत निघाल्या. टण, टण, टण. वरची नळी झाली. मागची झाली. खालच्या जाड नळीवर, जिथे पुढे पायडलचा दांडा बसणार होता त्याच्या जरा अलीकडे, आवाज बदलला. ठप. पुन्हा वाजवलं. ठप.

"बाहेरून तर काही दिसत नाही," यजमान म्हणाले.

"दिसत नाही. पण आतून पोकळ बोलतंय."

नणंदेने भावाकडे बघून भुवया उंचावल्या.

ताईंनी आवाजाची चित्रफीत करून पाठवली. प्रियमैत्रीण म्हणाली, रंगाच्या थरामुळे असं होतं. ताईंनी उलट लिहिलं, मग बाकी सगळीकडे रंग नाही का? शेवटी जे उत्तर आलं ते वाचून ताई खाटेवर बसल्याच. कारखाना नवी फ्रेम द्यायला तयार होता, पण जुनी परत पाठवायचा खर्च कुणालाच परवडणार नव्हता. खोटी तक्रार करून फुकट दुसरी फ्रेम उकळणारेही पुष्कळ. तेव्हा अट अशी, की हातातली फ्रेम करवतीने आरपार कापायची आणि कापतानाची चित्रफीत पाठवायची. त्यानंतर नवी निघेल.

"म्हणजे हातचं सोडून पळत्याच्या पाठी!" यजमान उसळले. "कापलीस आणि त्या बाईने फोनच बंद केला तर? तिला तू कधी बघितलंयस तरी का?"

ताईंनी नळीवर नाणं पुन्हा एकदा वाजवलं. मग म्हणाल्या, "अहो, रोज शेकडो माणसं माझ्या गाडीत बसतात. मागून फक्त माझी पाठ दिसते. मला कोण ओळखतं? तरी बसतातच ना, एवढ्या चढाला, एवढ्या उताराला."

थोड्या वेळाने यजमान स्वतःच उठले आणि शेजाऱ्याकडून लोखंड कापायची करवत घेऊन आले.

सुट्टीच्या दिवशी सकाळी अंगणात हे कापाकापीचं काम निघालं. शेजारपाजारचे कुंपणापाशी जमले. कार्बनची भुकटी छातीत जाऊ नये म्हणून तिघांनी तोंडाला जाड मास्क आणि हातांत मोजे चढवले. यजमानांनी फ्रेम स्टुलावर धरली, नणंदेने पाणी शिंपडायला आणि चित्रफीत घ्यायला हात दिला. ताईंनी जिथे आवाज ठप यायचा नेमक्या त्याच जागी करवत टेकवली. पहिल्या फटक्याला पातं घसरलं. दुसऱ्याला चावलं. कोवळ्या लाकडासारखा नाही, की लोखंडासारखाही नाही, असा एक कर्कश, कोरडा आवाज निघत राहिला. ताईंचा हात थांबला नाही. नवीकोरी वस्तू आपल्याच हातांनी कापणं म्हणजे काय, ते ज्याचं त्यालाच कळतं.

नळी तुटून तिचे दोन भाग झाले. ताईंनी कापलेली कड पुसून उजेडात धरली, आणि यजमानांपुढे केली.

थर एकावर एक नीट बसलेले असायला हवे होते. एका जागी ते दुमडले होते, आणि त्या दुमडीच्या पोटात नख जाईल एवढी फट होती. ताईंचा कान खरा ठरला होता.

पण यजमानांचं लक्ष दुसरीकडेच गेलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, कडेला अगदी नाक लावलं. "अगं, हे तर कापड आहे!"

"मग? कार्बनचं कापडच असतं ते. राळ लावून साच्यात बसवतात."

"आधी नाही का सांगायचं? हे बघ, हा थर उभा कापलाय, हा उरेब, म्हणजे तिरका. आणि इथे चुणी पडलीय. गोलाईवर उरेब तुकडा बसवताना ओढ सारखी ठेवली नाही की अस्सं होतं. बाहीच्या खांद्याला होतं तसंच." कित्येक वर्षांत ते बायकोच्या कुठल्या गोष्टीबद्दल इतकं सलग बोलले नव्हते.

ताईंनी चित्रफीत पाठवली, आणि खाली यजमानांचं म्हणणंही जसंच्या तसं लिहिलं. यंत्राने त्याचं चिनीत काय केलं असेल, देव जाणे. काही दिवस फोन मुका राहिला. यजमान रोज संध्याकाळी विचारायचे, "आलं का काही तुझ्या मैत्रिणीचं?" आणि नाही म्हटलं की ताईंपेक्षा त्यांचाच चेहरा पडायचा.

मग आलं. "प्रिय मैत्रीण, कापड लावणाऱ्या टेबलावरच्या मुख्य बाईंना चित्र दाखवले. त्या म्हणतात, शिवणकाम करणारे पती बरोबर आहेत. तुमची नवीन खिडकी त्या स्वतःच्या हाताने करत आहेत."

यजमानांनी तो निरोप दुकानात आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला वाचून दाखवला.

नवी फ्रेम आली. ताईंनी ती टोकापासून टोकापर्यंत वाजवली. कुठेही ठप नाही. जोडणी डेपोच्या फिटरकडे झाली. नेमका ताण दाखवणारा पाना हातात घेऊन तो म्हणाला, "ताई, बसच्या चाकाचे नट मी पान्यावर उभा राहून आवळतो. आणि हा चिमटीतला बोल्ट आवळताना मला श्वास धरावा लागतोय!" असे नाजूक बोल्ट सोडले तर चाकं, साखळी, ब्रेक, एकेक करत सगळं ताईंनी स्वतः बसवलं, तो नुसता देखरेखीला होता.

सायकल हलकी झाली म्हणून चढ काही कमी झाला नव्हता. पहिल्या खेपेला मधल्या वळणावर दम तुटला. पुढच्या खेपेला थोडं वर. ताई नेमाने जात राहिल्या. आणि एका थंड, स्वच्छ सकाळी शेवटचं वळण आलं, गेलं, आणि समोर पाण्याची टाकी उभी राहिली. त्यांनी कठड्याला सायकल टेकवली आणि खाली बघितलं. या रस्त्याने त्यांनी बस हजारदा चढवली होती, पण आज त्या स्वतः चढल्या होत्या. त्या एकट्याच मोठ्याने हसल्या.

तिथे दम खात बसलेल्या एका सायकलवाल्याने विचारलं, "झकास आहे हो. कुठल्या कंपनीची?"

"कुठल्याच नाही," ताई ताठ मानेने म्हणाल्या. "माझ्या मापाची आहे."

पुढे डेपोतल्या दोघी कंडक्टर, फिटर, आणि दवाखान्यातली एक बुटकी परिचारिका, अशा चौघांनी ताईंकडून त्याच कारखान्यात फ्रेम मागवल्या. खोकं उघडलं की आधी ताईंना बोलावणं येतं. त्या नाणं काढतात, आणि त्यांनी मान हलवेपर्यंत फ्रेमला कुणी हात लावत नाही. आठवड्यातून एकदा पाचही जण टेकडी चढतात. पुढे ताई, कारण त्यांना कुठे खड्डा आहे ते पाठ आहे.

परवा त्या फेरी संपवून लवकर घरी आल्या. पुढच्या खोलीत यजमान कुणाच्या तरी कोटाचं माप घेत होते, आणि बोलत होते.

"सांगतो काय तुम्हाला! नवीकोरी फ्रेम. सगळी गल्ली बघतेय. आमची ही पुढे झाली, करवत घेतली, आणि एका फटक्यात दोन तुकडे! हात म्हणून थरथरला नाही. हात वर करा जरा."

ताई दाराबाहेर थांबल्या. एक फटका नव्हता. चांगली पाऊण सकाळ गेली होती, आणि हात तर सारखा थरथरत होता. पण इतक्या वर्षांच्या संसारात हा माणूस त्यांच्या तोंडावर कधी असं बोलला नव्हता. त्यांनी चपला हळूच काढल्या आणि पुढे काय सांगतो ते ऐकत भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.