मोहाच्या झाडाचं एक वर्ष

मार्तंड हेडाऊ मास्तर झाले तेव्हा त्यांच्या बापाने अख्ख्या पेठेत पेढे वाटले आणि हातमागावरची त्यांची जागा धाकट्या भावाला देऊन टाकली. कोष्ट्याच्या घरातला पहिला मास्तर! आता पुन्हा काही आपल्याला खळीत हात घालावा लागत नाही, असं मार्तंडरावांना त्या दिवशी वाटलं होतं. माणसाला काय, काहीही वाटतं.

नागपूरच्या विणकरांच्या पेठेत म्युनिसिपालटीची शाळा होती, तिथे त्यांच्याकडे तिसरी-चौथीचा एकत्र वर्ग आला. पोरं हुशार होती. पुस्तकातला पळस घडाघडा म्हणून दाखवायची, पण खरा पळस एकानेही पाहिला नव्हता. पेठेत झाडाचा उपयोग एकच, ताण्याचं टोक बांधायला. दोन झाडांमध्ये घराएवढा लांब ताणा बांधायचा, म्हणजे मागावर चढवायचे उभे धागे, आणि ऊन तापायच्या आत भाताची खळ लावून त्यावर कुंचा फिरवत जायचं. याला पांजणी म्हणतात. या कामाला घरातले सगळे हात लागतात, पोरांचे तर आधी.

मार्तंडरावांनी पोरांना रविवारी बाहेर न्यायला सुरुवात केली. उजाडता उजाडता निघायचं, सदरमधून पायी तेलंगखेडी गाठायची. तलावाच्या काठाने हिंडायचं, दगड उलटून खालचे किडे पाहायचे, काठी रोवून तिची सावली मोजायची, मग टेकडीवर चढायचं. वीस पोरांत भिंग एकच. ते हातोहात फिरायचं आणि त्यावरून मारामाऱ्या व्हायच्या. मार्तंडराव ओरडायचे, पण मनातून त्यांना या मारामाऱ्यांचं फार कौतुक होतं. सिनेमाच्या तिकिटासाठी भांडणारी पोरं त्यांनी पुष्कळ पाहिली होती. मुंगीचं डोकं आधी कोण पाहणार यासाठी भांडणारी हीच.

पंचफुला भांडत नसे. चंद्रभान पराते नावाच्या विणकराची ही पोरगी, दहा-अकरा वर्षांची, बारीक चणीची. भिंग तिच्याकडे शेवटी यायचं आणि इतरांनी न पाहिलेलं काहीतरी तिला हटकून दिसायचं. कुठल्या झाडाची पानं दुपारी मिटतात, कुठल्या दगडाखाली विंचू असतो, हे तिला सांगावं लागत नसे. मार्तंडरावांनी बारा वर्षांत शेकडो पोरं शिकवली होती. असा डोळा त्यांना पहिल्यांदाच भेटला होता.

आणि नेमका चंद्रभानच आडवा आला.

"रविवारी माह्या घरी पांजणी राह्यते गा गुरुजी. एक हात कमी पडला का सूत वाळून जाते. पोरीले झाडं दाखवून काय करता? तिले काय जंगलखात्यात नोकरी लावून देता?"

मार्तंडराव म्हणाले, "तुम्ही पांजणी गुरुवारी करा. तिच्या जागी मी येतो."

पेठ आठ दिवस हसत होती. मास्तर झाला आणि पुन्हा कुंचा धरला! त्यांची बायको रुखमाबाई तर चिडलीच. "अजी, शाळेत जाताना धोतराले आंबट वास येऊन राहिला तुमच्या. लोकं काय म्हणतीन?" पण मार्तंडराव दर गुरुवारी पहाटे चंद्रभानच्या ताण्याशी उभे राहत, अंघोळ करून शाळेत जात, आणि रविवारी पंचफुला टेकडीवर येत असे.

छप्पन्न साल उजाडायच्या आधी शाळाखात्यातले मधुकरराव नावाचे इन्स्पेक्टर वर्ग पाहायला आले. सज्जन माणूस. रविवारच्या फेऱ्यांची हकिगत ऐकून ते खुश झाले. म्हणाले, "गुरुजी, प्रत्येक मुलाला एकेक झाड द्या. वर्षभर त्याची वही करू द्या. पालवी, फूल, फळ, साल, सगळं चिकटवून. दसऱ्यानंतर मी येईन. चांगली वही असेल तर धरमपेठेतल्या मुलींच्या शाळेत एक जागा आहे, वसतिगृहासकट. वही जोडून मी शिफारस पाठवतो."

मार्तंडराव त्याच संध्याकाळी चंद्रभानकडे गेले. चंद्रभान माणूस वाईट नव्हता, सरळ होता. "उमरेडहून एक स्थळ आलं आहे तिच्यासाठी," तो म्हणाला. "घरी दोन माग आहेत त्यायच्या. पण तुम्ही शब्द टाकून राहिले तं थांबतो. धरमपेठेत जागा भेटली तं शिकवीन. नाही भेटली तं दसऱ्यानंतरच्या माघात उरकून टाकीन. मंग मले काही म्हणू नका."

एका वहीवर पोरीचा जन्म अवलंबून होता. हे मार्तंडरावांना ठाऊक होतं, चंद्रभानला ठाऊक होतं, आणि दाराआड सुताच्या कांड्या भरत बसलेल्या पंचफुलालाही ते ऐकू गेलंच असणार.

तिने मोह निवडला. टेकडीच्या पलीकडच्या उतारावर एकटंच झाड होतं. माघात त्याची पानं गळाली ती तिने लावली. फाल्गुनात कळ्यांचे घोस लावले. चैत्रात फुलं आली तेव्हा तिने वहीत लिहिलं की फुलं पहाटेच गळतात, ऊन पडल्यावर एकही गळत नाही. चारदा जाऊन पाहिलं तेव्हा लिहिलं. मग तांबूस पालवी, मग हिरवे टोळ, म्हणजे मोहाची फळं.

"गुरुजी, फुलं पहाटेच काहून गळतात?"

"मलाही ठाऊक नाही वं," मार्तंडराव म्हणाले. "आपण शोधून काढू."

पानं चिकटवायला डिंक कोण आणणार? विणकराच्या घरी खळीचं मडकं कायम भरलेलं असतं. मार्तंडरावांनीच सांगितलं, खळ लावा, पातळ लावा, कुंच्याने लावा. आणि खरोखर पानं अशी चपखल बसली की नख लावून निघेनात. मार्तंडराव बोटाने चाचपून पाहायचे आणि म्हणायचे, कोष्ट्याचा हात आहे, उगाच नाही.

मृगाच्या तोंडावर त्यांनी सगळ्या वह्या मागितल्या. पेठेतली घरं गळकी, धाकटी भावंडं फाडाफाडी करणारी, शेळ्या तर कागद शोधतच फिरतात. आपल्या घरच्या पत्र्याच्या पेटीत वह्या सुखरूप राहतील. पोरांनी निमूट दिल्या. पंचफुला मात्र वही छातीशी धरून उभी राहिली.

"काय झालं वं?"

"गुरुजी, आमच्या घरी खळ लावेल ताणा पावसाळ्यात ठेवत नाही."

मार्तंडराव हसले. "अगं, तो ताणा. ही वही आहे. सूत वेगळं, कागद वेगळा." गुरुजी हसले म्हणून वर्गही हसला. पोरीने मान खाली घातली आणि वही देऊन टाकली.

त्यांनी वह्या जुन्या लुगड्यात बांधल्या, पेटीला कुलूप लावलं आणि पेटी माळ्यावर चढवली. पावसाळाभर त्यांनी ती उघडली नाही. उघडली की ओल शिरते, एवढी काळजी.

खंडेनवमीला विणकर मागाची पूजा करतात. त्या दसऱ्याला नागपुरात धम्मदीक्षा घ्यायला गावोगावची माणसं पांढरे कपडे घालून लाखांनी लोटली होती. शाळेला सुट्टी होती, शहर माणसांनी भरलं होतं. मार्तंडरावांनी सकाळी पाटावर बापाचा मागावरचा जुना धोटा ठेवला, त्याला गंध लावलं. यंदा पोरांच्या वह्याही पूजेला ठेवू म्हणून त्यांनी पेटी खाली उतरवली.

झाकण उघडताच आंबट वास आला. ओळखीचा वास. बापाच्या घरी एकदा ताणा भिजला होता तेव्हा असाच आला होता.

वरच्या दोन वह्यांचा बुरशीने एकच गोळा झाला होता. खालच्या वह्या कसरीने आणि झुरळांनी खाल्ल्या होत्या. त्यांनी पंचफुलाची वही शोधली. पानं उलटली. किड्यांनी सगळा कागद खाल्ला नव्हता, त्यांना फक्त खळ हवी होती. जिथे मोहाचं पान होतं तिथे पानाच्या आकाराचं भोक होतं. जिथे फुलं होती तिथे बारीक गोल भोकं. शेजारी पोरीचं वळणदार अक्षर तसंच होतं, 'चैत्र. फुले पहाटे गळतात.'

रुखमाबाई नैवेद्याचं ताट घेऊन आली तर नवरा पाटासमोर बसून रडत होता. त्याला काय झालं ते तिला कळेना. मार्तंडरावांना मात्र सगळं लख्ख कळलं होतं. खळ लावलेलं सूत पावसाआधी विणून संपवायचं, नाहीतर ते सडतं आणि किडे खातात, हे पेठेतल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. त्यांनाही माहीत होतं. खळ वापरायची तेव्हा ते कोष्टी झाले आणि खळ सांभाळायची तेव्हा मास्तर झाले. पोरगी तोंडावर सांगत होती तेव्हा वर्गाला हसवलं. या गोष्टीची त्यांना इतकी लाज वाटली की पूजा तशीच राहिली.

पुन्हा वही करू म्हणावं तर मोहाला फुलं यायला चैत्र लागतो. ऑक्टोबरात झाडाकडे मागून काय मागणार?

पुढच्या शनिवारी मधुकरराव आले. मार्तंडरावांनी काही लपवलं नाही. भोकं पडलेली वही त्यांनी टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "साहेब, चूक माझी आहे. पोरीला विचारा. तिला सगळं येतं."

मधुकररावांनी विचारलं. पंचफुला हात मागे बांधून उभी राहिली आणि तिने मोहाचं अख्खं वर्ष सांगितलं. कोणत्या आठवड्यात पान गळालं, कळी कशी खाली वळते, पालवीचा रंग कधी बदलतो, टोळ फोडला तर आत काय असतं. एकदाही अडखळली नाही. मधुकरराव चष्मा काढून ऐकत होते. क्षणभर मार्तंडरावांना वाटलं, झालं, पोरगी तरली.

"बेटा, तू बस," मधुकरराव म्हणाले. मग मार्तंडरावांना घेऊन व्हरांड्यात आले. "गुरुजी, माझी पोरगी असती तर आजच नेली असती. पण शिफारशीला वही जोडायची आहे. मी हे काय जोडू? आणि एक नोव्हेंबरला राज्यच बदलतंय. मी भोपाळला चाललो, तुम्ही मुंबई राज्यात. माझ्या जागी येणारा माणूस माझ्या शब्दावर जागा देईल का? कागद असता तर कागदाने काम केलं असतं."

"साहेब, तिने सांगितलं ते लिहून घेऊ आपण..."

"बारा वर्षांच्या मुलीने तोंडी सांगितलं, असं?" ते कष्टाने म्हणाले. "हसतील हो."

हसतील. पंचफुलावर वर्गही असाच हसला होता, आणि त्याला मार्तंडरावांनीच हसवलं होतं.

माघात चंद्रभानने लग्न उरकलं. दिल्या शब्दाप्रमाणे तो वागला होता, त्याला बोल लावायला जागाच नव्हती. उमरेडला जाताना पोरीने ती भोकं पडलेली वही मागून घेतली. मार्तंडरावांनी दिली. आशीर्वाद द्यायला हात उचलला आणि तसाच खाली घेतला.

त्यानंतर रविवारच्या फेऱ्या दोन-तीनदा झाल्या. पोरं येत, पण मार्तंडराव तलावाकाठी नुसते बसून राहत. एखाद्याने काही विचारलं की 'पुस्तकात बघ' म्हणत. भिंगासाठी मारामारी झाली तरी ते ओरडत नसत. पोरं कंटाळली. आयाबापांनाही रविवारी हात हवेच होते. फेऱ्या बंद झाल्या त्या कुणी बंद केल्या नाहीत, आपोआप झाल्या.

चंद्रभानची पांजणी पुन्हा रविवारी होऊ लागली. फेऱ्या बंद झाल्यावर पहिल्याच रविवारी मार्तंडराव पहाटे तिथे गेले आणि पंचफुलाच्या जागी कुंचा धरून उभे राहिले. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. पेठ यावेळी हसलीही नाही. रविवारामागून रविवार गेले, तीनेक वर्षं गेली.

एकोणसाठच्या दिवाळीनंतर पंचफुला माहेरी आली. कडेवर पोर, हाताला घट्टे. रविवारी सकाळी ती अंगणात आली तर ताण्याशी तिच्या जागी गुरुजी. ती जवळ येऊन उभी राहिली. मार्तंडरावांनी तिच्याकडे पाहिलं नाही. त्यांच्याने पाहवेना.

"गुरुजी," ती हळूच म्हणाली, "मोहाचे फुलं पहाटेच काहून गळतात, भेटलं काय कोठी?"

मार्तंडरावांचा कुंचा थांबला. तीन वर्षांत त्यांनी कुठे पाहिलं नव्हतं, कुणाला विचारलं नव्हतं. ते टेकडीवरही गेले नव्हते.

"नाही वं," ते म्हणाले.

"मले वाटलं, तुमी पाहून ठेवलं असन." कडेवरचं पोर रडायला लागलं तशी ती त्याला थोपटत घरात गेली.

ऊन वर येत होतं, खळ वाळायच्या आत टोक गाठायला हवं होतं. मार्तंडराव पुन्हा कुंचा फिरवू लागले. एका लयीत, एकही धागा न तुटता. पलीकडून चंद्रभान पाहत होता.

"हात चांगला चालते गा गुरुजी तुमचा," तो मनापासून म्हणाला. "उगीच मास्तरकीत गेले तुमी."

मार्तंडरावांनी मान हलवली. त्यांना ते पटलं होतं.